बोटातला भाता

आवाज लहान केला म्हणजे तो हळुवार होतो का?

शाल्मलीला वाटायचं, होतोच! त्यात विचारायचं काय? पण एकदा तिनं शाळेतून कीबोर्ड मागून आणला, आवाजाचं चाक अगदी तळाला नेलं आणि आईच्या आवडीच्या भूपाळीचा पहिला स्वर धरला, तर आईनं कान झाकून घेतले.

"लहान झालाय गं," आई म्हणाली, "पण टोचतोच."

मोठ्या तापातून उठल्यापासून आईच्या कानांना काहीच सोसत नव्हतं. भांडं पडलं तरी ती थरथरायची. पूर्वी देवापुढे दिवा लावताना तिचं गुणगुणणं सुरू व्हायचं, ते थेट भात शिजेपर्यंत. आता ती मुकाट्यानं वात लावायची आणि मुकाट्यानं हात जोडायची. डॉक्टर म्हणाले होते, "कानांना पुन्हा सवय लावायची. मऊ आवाजापासून सुरुवात करा." मऊ आवाज आणायचा कुठून? घरातल्या पेटीचा भाता खाऱ्या वाऱ्यानं फाटलेला. वाजली तर बोटीच्या भोंग्यासारखी, नाहीतर नुसता सुस्कारा.

म्हणून सुरंगीबंदरात वाद्यं विकणारी नादनौका आली, त्या सकाळी शाल्मली आजोबांना घेऊन धक्क्यावर जाऊन बसली.

समुद्र वर सरकल्यापासून सुरंगीबंदरातली घरं उंच खांबांवर उभी होती. खाली भरतीचं पाणी झुळझुळत यायचं, आणि त्या पाण्यावरून, धुक्यातून, नादनौका आली. तिचं शीड सूर्यप्रकाशावर वीज करणारं होतं. इंजिनाची घरघर नाही की काही नाही. जणू कुणी निर्माल्याचा द्रोण पाण्यात अलगद सोडून दिला होता. ती वर्षातून एकदाच यायची आणि ओहोटी लागली की निघून जायची.

"नीट बघून घे," आजोबा म्हणाले. ते निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. उभी हयात त्यांनी समुद्राखालचे आवाज ऐकण्यात घालवली होती. "आपल्या गाठीशी एका वाद्यापुरतंच आहे. चुकलं तर वर्षभर चुकीबरोबर राहावं लागेल."

"मग तुम्हीच निवडा ना, आजोबा."

"वाजवणार तू. निवडणारही तूच."

नौकेत स्वागताला बिंदूमावशी होती. ती यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) होती. तिच्या पत्र्याच्या अंगावर कुणीतरी हौसेनं नऊवारीचे काठ रंगवले होते.

"या, या! पियानो पाहिजे? डिजिटल? पहिल्यांदाच शिकणार? आणि खिसा बेताचा?"

"तुला कसं कळलं?" शाल्मलीनं डोळे मोठे केले.

"आजोबांनी आल्या आल्या खिसा चाचपला. त्याला यंत्र कशाला लागतंय?"

आजोबा खो खो हसले. बिंदूमावशीनं त्यांना दोन वाद्यांपाशी नेलं. दोन्हींची किंमत सारखीच.

पहिलं पाहून शाल्मली हरखलीच. पट्ट्यांखाली इंद्रधनुष्यी दिवे! शेकडो आवाज! पावसाचा, कोकिळेचा, टाळ-मृदंगाचा. आणि एका बटणावर चक्क लिहिलेलं, 'मऊ पियानो'.

"आजोबा, हाच! बघा, मऊसुद्धा आहे!"

दुसरा पियानो कोपऱ्यात होता. साधा, काळा, एका कडेला टवका उडालेला. दिवे नाहीत. आवाज मोजके. पाय तर नव्हतेच.

"हा वापरलेला आहे," बिंदूमावशी म्हणाली. "टवका माझ्याच हातून उडाला. खोटं बोलायची सोय माझ्यात ठेवलेली नाही. पण निवडण्याआधी एक कर. आवाजाच्या चाकाला हात लावू नकोस. दोन्हीवर एकच पट्टी आधी हळू दाब, मग जोरात."

शाल्मलीनं दिव्यांच्या वाद्यावर 'मऊ पियानो' लावला. पट्टी हळू दाबली. टिंग. जोरात दाबली. टिंग. पुन्हा हळू, अगदी फुलाला लावावा तसा हात लावला. टिंग! तिन्ही वेळचा आवाज जणू एकाच साच्यातून काढलेला.

मग ती काळ्या पियानोकडे वळली. उजव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं आणि तिचा डावा हात आपोआप वाद्याच्या मागच्या बाजूला गेला.

"मागे काय शोधतेस गं?" बिंदूमावशीनं विचारलं.

शाल्मलीनं जीभ चावली. "भाता."

"पेटीवाली दिसतेस! अगं, याला भाता नाही."

"मग हळू-जोरात करायचं कशानं? पेटीला तर वारा भात्यातून मिळतो. पट्टी कशीही दाबा, पेटीला काही कळत नाही."

"शाबास!" आजोबा म्हणाले. "तुझं कोडं तिथंच आहे. इकडे ये."

त्यांनी तिला नौकेच्या काठाशी नेलं. पाणी आरशासारखं निवांत होतं. त्यांनी बोटाच्या टोकानं पाण्याला हलकेच स्पर्श केला. एक मोठं, गोल वलय उमटलं आणि शांतपणे पसरत गेलं. मग त्यांनी तळहातानं सपकन पाणी मारलं. बारीक, टोकदार लाटा एकमेकींत घुसल्या, थेंब उडाले.

"दुसऱ्या वेळी फक्त लाट मोठी झाली का?"

"नाही. आकारच बदलला. काटेरी झाली."

"पियानोच्या तारेचंही तसंच. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. जोरात पडली की मूळ स्वरासोबत पुष्कळ उपस्वर (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे, बारीक स्वर) जागे होतात. आवाज झळझळतो, टोचतो. अलगद पडली की वरचे उपस्वर बरेचसे झोपून राहतात. स्वर गोल होतो. आता सांग, शाळेच्या कीबोर्डचं चाक फिरवून तू काय केलंस?"

शाल्मली पाण्याकडे बघत राहिली. "काटेरी लाट लांबून पाहिली," ती सावकाश म्हणाली. "ती लहान दिसली. पण काटे तसेच होते."

आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पण आजोबा, या डिजिटल पियानोत तर तारच नाही!"

"तार नाही, तारेची आठवण आहे," बिंदूमावशी म्हणाली. "खऱ्या पियानोचे हळू, मध्यम, जोरकस असे ध्वनिनमुने (टिपून साठवलेले आवाज) याच्या पोटात आहेत. कुठला काढायचा ते तुझं बोट सांगतं. प्रत्येक पट्टीखाली दोन संवेदक (स्पर्श ओळखणारे इवले पहारेकरी) बसलेत, एक वर, एक खाली. पट्टी निघाली की वरचा म्हणतो, 'आली!' खालचा म्हणतो, 'पोचली!' मधे वेळ जास्त गेला, म्हणजे बोट हळू आलं. मग मऊ नमुना. झटकन पोचलं, तर जोरकस."

"आणि दिव्यांच्या वाद्यात?"

"तिथं एकच पहारेकरी. पट्टी आली एवढं त्याला कळतं. कशी आली, ते त्या बिचाऱ्याला दिसतच नाही."

शाल्मलीनं काळ्या पियानोची पट्टी दाबली. "ही जड का?"

"आत वजन ठेवलंय," आजोबा म्हणाले. "रिकामा पाळणा हात लावताच भिरभिरतो. त्यात बाळ असलं की हवा तितका हळू झुलवता येतो ना? तसंच."

तेवढ्यात नौका किंचित हलली. ओहोटी लागली होती.

"चला, मला निघायला हवं," बिंदूमावशी म्हणाली. "पोरी, कुठला?"

शाल्मलीनं इंद्रधनुष्याकडे एकदा मन भरून पाहिलं. कोकिळेचा आवाज फारच गोड होता. तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात देवाला नमस्कार केला आणि टवका उडालेल्या पियानोवर हात ठेवला.

"हा. पण मावशी, याला पाय नाहीत."

"घरी भक्कम टेबल आहे ना? मग पुरे. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे. पाटावर मांडी घालून बसशील, तर पुढल्या वर्षी पाठीसाठी औषधाची नौका बोलवावी लागेल!"

उतरत्या पाण्यावर नादनौका लहान लहान होत गेली आणि उन्हात विरघळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं दिवा लावला आणि हात जोडले. शाल्मली टेबलापाशी बसली. आता आईनं कान झाकले, तर?

तिनं बोट पट्टीवर ठेवलं आणि झोपलेल्या बाळावरून पांघरूण सरकवावं तसं खाली नेलं. स्वर उमटला. गोल. पाण्यावरच्या वलयासारखा तो खोलीभर पसरला, दिव्याला प्रदक्षिणा घातल्यासारखा फिरला आणि मावळला.

आईचे हात जोडलेलेच होते. ते कानांकडे गेले नाहीत.

शाल्मलीनं दुसरा स्वर वाजवला. तिसरा. आजोबा दारात उभे. भूपाळीची पहिली ओळ संपली. खालच्या पाण्यात एक मासा उसळला, तेवढाच आवाज.

आईनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी ऐकण्याची भूक होती.

"शालू," ती म्हणाली, "जरासं मोठं वाजव ना."

शाल्मली हसली. तिनं चाकाला हात लावला नाही. फक्त बोट मघापेक्षा किंचित वेगानं खाली नेलं.