अठ्ठाविसावा सेकंद

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि तुम्ही तिघं मला ऐटीत सांगताय, 'सर, थांबायची वेळ वाढवली, एरर गेला.' वा. बसा. पोरांनो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्याच्यावर बेतलं तो, आम्ही त्याला दाढीच म्हणायचो, अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. आव तुमच्याइतकाच, अक्कलही तुमच्याइतकीच.

आमचं यंत्र दवाखान्यासाठी होतं. पेशंटचा श्वास रात्रभर मेमरी कार्डावर लिहून ठेवायचं. नोंद बुडाली तर श्वास कधी अडला ते डॉक्टरला कळणार नाही, आणि माणूस हकनाक जाईल. नेमकी तीच बुडत होती. डेटा पाठवला की कार्डाकडून 'मिळाला' असा निरोप यायला हवा. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, एक सेकंद वाट बघायचा. निरोप नाही. वेळ संपली, टाइमआउटचा एरर.

सकाळी नऊला पहिलं यंत्र वॉर्डात जायचं होतं. मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. लॅबमध्ये दाढी एकटा. निरोप का अडतोय ते शोधायचं सोडून या महाशयांनी एका सेकंदाचे तीस केले. दिवे लावले. तुम्ही आज लावलेत तेच.

एरर गेला. निरोप यायला लागले, दर वेळी अठ्ठाविसाव्या सेकंदाला. का, हे विचारायची तसदी कोण घेतो? स्वारी खूश. मंजुरीच्या कागदावर सही ठोकली आणि यंत्र बंद करायला म्हणून कार्ड काढून मुठीत घेतलं.

टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ओळ आली. 'मिळाला.'

खाचेत कार्ड नव्हतं.

त्यानं यंत्राची वायर उपटली. दिवा विझला. तो बघत राहिला... अठ्ठावीस सेकंद...

'मिळाला.'

"कोण आहे?" म्हणाला. मूर्ख.

पंखा बंद होता. तरी आवाज येत होता. आत... बाहेर... आत...

मग नाही.

सकाळी त्यानं सही केलेला कागद साहेबांसमोर फाडला. शिव्या खाल्ल्या, यंत्र जाऊ दिलं नाही. दोन दिवसांत खरं कारण सापडलं: डेटा पाठवायचा वेग कार्डाला झेपत नव्हता. एका ओळीची दुरुस्ती. ती आधी करायला काय झालं होतं?

मग त्यानं ते कार्ड उघडलं. चाचणीच्या नोंदींखाली एक जास्तीची. यंत्राला त्या रात्री माणूस जोडलेलाच नव्हता, आणि नोंदीची वेळ कार्ड मुठीत होतं तेव्हाची. अठ्ठावीस सेकंदांचा श्वास.

शेवटचा आत घेतलेला. सोडलेला नाही.