उसनं दुखणं

वहनकक्षात दोनच खाटा असत. एक ज्याचं दुखतं त्याची, दुसरी जो ते दुखणं अंगावर घेतो त्याची.

दुसऱ्या खाटेवर कोण किती टिकतं याचा हिशेब डॉ. निलांबरी खटावकर चार वर्षं मनाशी ठेवत आल्या होत्या. बाप सरासरी चाळीस मिनिटं. काका-मामा बाह्या सरसावून येत आणि पहिल्याच कळेला त्यांना ऑफिसचा फोन येई. आज्या चिवट, पण त्यांचा रक्तदाब आडवा येई. आयांचा रकाना मात्र कोरा होता. एकही आई अजून आपणहून उठली नव्हती. खटावकरांना या गोष्टीचं कौतुक होतं. शिवाय सोयही होती, आणि सोयीचं कौतुक माणूस जरा जास्तच करतो.

आजची मुलगी शाल्मली बिराजदार, वय सहा. सकाळी सातला शाळेच्या गाडीची वाट बघताना कठड्यावरून पडली, आणि पोरं पडतात तशीच, हात पुढे टेकून. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलं. या वयात तिथलं हाड पापडासारखं पातळ असतं. नऊ वाजेपर्यंत खटावकरांनी ते जागेवर बसवून दोन तारा घातल्या होत्या. मनगटाशी नाडी लागत होती, बोटं गुलाबी होती. आता दिवसभर दुखणार, तेवढंच उरलं होतं.

आणि दुखण्याची सोय डॉ. हबीब मुजावरांनी केलेली होती. ते नसतज्ज्ञ; वेदनावहन ही त्यांची कल्पना. मुलाच्या दंडावर एक पट्टी, वाहकाच्या दंडावर दुसरी. नसेतून वर जाणारा दुखण्याचा संदेश पहिली पट्टी अडवते, दुसरी तो वाहकाच्या नसेत सोडते. मूल चित्रं बघत पडून राहतं, कळ वाहकाला येते.

"किती दुखतंय त्याचा आकडा कशासाठी विचारतो ते तुम्ही वाहकांना सांगत नाही, हे मला पटत नाही मॅडम," चहा घेताना मुजावर म्हणाले. "हात नुसता बधिर करायचा तर इंजेक्शन होतंच की. ते आपण का टाळतो? कोपराखालचे स्नायू घट्ट कप्प्यांत असतात. आत सूज चढली की रक्त शिरत नाही, सहा-आठ तासांत स्नायू मरतो, आणि तो मेला की कळही थांबते. नाडी लागत राहते, बोटं गुलाबी राहतात, दोन्ही फसवतात. आधी ओरडते ती कळ. म्हणून ही घंटा आपण बंद करत नाही, दुसऱ्याच्या घरात नेऊन टांगतो. मग त्या घरवाल्याला सांगायला नको, की ही घंटा आहे?"

"सांगत होते. तर बापलोक डास चावला तरी दहा म्हणायला लागले. सूज मोकळी करायला म्हणून चार पोरांचे हात मी विनाकारण उभे चिरले. त्यांच्या आयांसमोर मी उभी राहिले, तुम्ही नाही. एवढं असेल तर तुमच्या पट्टीलाच आकडा वाचायला शिकवा."

"पट्टी काय वाचणार? तिच्यातून जातो तो नुसता संदेश. त्याचं दुखणं होतं मेंदूत पोचल्यावर. एकाच संदेशाला कुणी तीन म्हणेल, कुणी नऊ. माणसाला विचारण्यावाचून इलाज नाही."

"मग माणूस पारखून घ्यायचा," खटावकर म्हणाल्या. आपल्याला माणसं कळतात अशी त्यांची खात्री होती.

आधी बसला तो शाल्मलीचा बाप, प्रज्वल. घरांवर सौरपट्ट्या बसवायचं काम करायचा. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. "मीच बसतो. शाळेत असताना विंचू चावला होता मला. हूं का चूं केलं नाही."

पट्टी चालू झाली आणि तो ताडकन उठून बसला. "दहा," तो म्हणाला. मग, "अकरा असतं का हो?"

"मला तर काहीच होत नाहीये, बाबा," शाल्मली म्हणाली.

बारा मिनिटांत तो दाराबाहेर होता.

"तुमचा विंचू माहितीये मला. सासूबाईंनी सांगितलाय," त्याची बायको ऋतिका म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली. कडक भाकऱ्या करून विकणारी बाई. बोटांची टोकं तव्याने निबर झालेली. खटावकरांनी ती बोटं बघितली आणि निर्धास्त झाल्या.

"दर दोन तासांनी विचारीन. एक ते दहा, खरं सांगायचं. आठच्या वर गेलं की वाहक बदलायचा, असा नियम आहे. दुसरं कुणी नसेल तर दुखणं परत मुलीकडे सोडावं लागतं."

ऋतिकाने दाराकडे बघितलं. तिथे नवरा दंड चोळत उभा होता.

"कळलं," ती म्हणाली.

अकराला तीन. एकला चार. तीनलाही चार. तीनला खटावकरांनी शाल्मलीची बोटं एकेक करून सरळ केली. कप्प्यात सूज असली की एवढ्यानेच मूल किंचाळतं. शाल्मली खुदकन हसली. खटावकरांनी शेजारच्या खाटेकडे नजर टाकली. ऋतिकाच्या कपाळावर घाम होता.

"काय हो?"

"पंखा वाढवा की जरा. भट्टी आहे नुसती तुमच्याकडे."

"आकडा?"

"सांगितला ना. चारच."

शाल्मलीच्या हाताभोवती गुंडाळलेला कापूस उलगडून हात चाचपावा असं खटावकरांच्या मनात येऊन गेलं. पण पूर्ण वाढलेली, शुद्धीवरची बाई चार म्हणत होती.

पाचला त्या आल्या तेव्हा ऋतिका उठून बसली होती आणि चेहरा धुतल्यासारखा टवटवीत होता. "शून्य, मॅडम. सगळं गेलं."

खटावकर जागीच थांबल्या. "आधी किती होतं?"

"आता सांगायला हरकत नाही. दुपारी एक वाजल्यापासून दहा होतं. पुढचा आकडाच नव्हता तुमच्याकडे."

"मग चार का सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, परत तिच्याकडे सोडू? मग ह्यांच्या भरवशावर दहा सांगू?"

खटावकरांनी कापूस उलगडला. हात लाकडासारखा लागला. बोटं आत वळली होती आणि सरळ होत नव्हती. शाल्मली चित्रं बघत राहिली.

ऑपरेशनच्या दारात त्यांनी ऋतिकाला सगळं सांगितलं. पाच वाक्यं लागली. सकाळीही पाचच लागली असती. ऋतिका रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आता मी काय करू?"

"पट्टी बांधून पडद्याआड पडून राहा. तिला भूल असेल, तुम्हाला नसेल. मी एकेक स्नायू चिमटीत धरीन. दुखलं तर तो जिवंत, तो ठेवीन. नाही दुखलं तर कापून टाकावा लागेल. मेलेला आत राहिला तर सडतो आणि मग जिवावर बेततं. या वेळी खरं सांगायचं."

"हो."

खटावकरांनी कप्पा उघडला. आतलं मांस शिजवल्यासारखं करडं होतं. त्यांनी पहिला स्नायू चिमट्यात धरला.

"काही?"

"नाही."

त्यांनी तो कापून ताटलीत ठेवला. धातूवर झालेला आवाज पडद्यापलीकडे गेला असणार. दुसरा धरला.

"काही?"

पडद्याआड खाट करकरली. "नाही."

ताटली पुन्हा वाजली. बोटं मिटवणारा स्नायू आता एकच उरला होता, खोलातला. खटावकरांनी चिमटा उचलला, आणि त्यांचा हात वरच थबकला. चिमटा अजून कशालाच टेकला नव्हता.

"हो," पडद्याआडून ऋतिका म्हणाली. "दुखतंय. खूप दुखतंय, मॅडम. हा ठेवा."