चारोळीचा नकाशा

लालसू मला भेटला तो चिठ्ठीतून. आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला 'शाश्वत व्यवसाय' नावाचा नवा विषय आला होता. प्रकल्पाच्या जोड्या अतुल सरांनी चिठ्ठ्या टाकून लावल्या आणि माझ्या चिठ्ठीत त्याचं नाव निघालं. तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसणाऱ्या या मुलाचा आवाजसुद्धा मी ऐकला नव्हता.

त्याचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. चारोळीची झाडं दाखवायला त्यानं मला तिकडे नेलं. मी गडचांदूरची... आमच्याकडे सिमेंटच्या धुळीत पान हिरवं आहे हे पुसल्यावरच कळतं. मी मान वर करून नुसती बघत राहिले.

"झाडं मोजाले आली नं तू, संघप्रिया? मंग माह्याकडे काऊन पाहून राह्यली?"

"तू मधात उभा हायेस म्हणून."

मी एका फळाकडे हात नेला, तर त्यानं मनगटच धरलं. "आज नाई. ग्रामसभा दिवस ठरवते, मंगच सारे तोडतात. कच्चं तोडलं तं दाणा भरत नाई."

"बरं... मंग हात सोड नं."

त्यानं तो जरा उशिरानंच सोडला. मी तेव्हाच कामातून गेले होते.

मोबाईलवर मी एकेका झाडाची जागा टिपली. "नकाशा कायले पायजे?" त्यानं विचारलं होतं. "मार्कांसाठी," मी म्हणाले. वेड्यासारखी.

अहवाल पहिला आला, कॉलेजच्या वेबसाईटवर चढला. ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी व्यापाऱ्यांच्या गाड्या त्या नकाशावरून थेट झाडांपाशी पोचल्या. त्यांच्या माणसांनी फांद्याच तोडून नेल्या. मग आपल्याला काहीच उरणार नाही या भीतीनं गावानंही कुऱ्हाडी काढल्या. जंगल कसं टिकवावं, यावर मी चाळीस पानं लिहिली होती!

लालसूनं फोन उचलणं सोडलं. मी अहवाल वेबसाईटवरून काढायला लावला, पहिला नंबर परत केला. त्यानं झाडांना काय फरक पडणार होता? शेवटी बसनं त्याच्या गावी गेले आणि ग्रामसभेपुढे उभी राहिले. मी मराठीत बोलत होते, तो मान खाली घालून एकेक वाक्य गोंडीत सांगत होता.

"नकाशा म्या काढला. लालसूची चूक नाई."

त्यानं सांगितलं.

"मले माफ नका करू, पण त्याच्यावर राग नका धरू."

तेही सांगितलं.

"आन्... मले हा पोरगा आवडते. लय आवडते."

तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण हे वाक्य त्यानं गोंडीत सांगितलं नाही. समोरच्या म्हातारीनं गोंडीत काहीतरी विचारलं, बहुधा मी काय म्हणाले तेच. त्यानं दोनच शब्दांत उत्तर दिलं आणि सगळे उठू लागले.

"काय सांगितलं तू?"

"तुही बस पाचची आहे," तो म्हणाला.