दादांचा चेहरा

दार लावून घ्या आणि मोबाइल खिशात ठेवा. मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर गोष्ट तिथंच बंद, आधीच सांगतो. ही गोष्ट आठवली की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

आमच्या नाटकमंडळीत मेकअप करायचे ते मामा. तुम्ही त्यांना पाहिलं नाही, पण माझे जुने दोस्त. थाप मारायची अक्कलच नाही त्या माणसाला. गेल्या वर्षी, जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्री अकराला त्यांना फोन आला, “मामा, बॅग घेऊन घरी या.” फोन दादांच्या मुलाचा होता. दादा त्याच दुपारी गेले होते.

हो, तेच दादा. पन्नास वर्षं काम केलं त्या माणसानं. आधी नाटकातला देखणा नायक, मग सिनेमातला, मग नायकाचा बाप. साठी उलटल्यावर एके दिवशी डोक्यावरचा टोप काढून फेकला आणि मामांना म्हणाले, “आता रंग नको. या सुरकुत्या मी कमावल्यात.” निर्मात्यांनी पाठ फिरवली, घरचेही हसले. आणि त्याच उघड्या चेहऱ्यानं दादांनी जन्मातलं सगळ्यात मोठं काम केलं! शेवटी दवाखान्यात त्यांनी मामांचा हात घट्ट धरला. “मला रंगवून पाठवू नका. माझ्या चेहऱ्यानं जाऊ द्या.” चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांनीही मान डोलावली. डोलवायला काय जातंय!

तर मामा पोचले. दादांना दिवाणखान्यात झोपवलं होतं, गळ्यापर्यंत पांढरी चादर. चिरंजीवांनी दादांचा तिशीतला फोटो पुढे केला.

“असे दिसायला हवेत. सकाळी कॅमेरे येणार आहेत.”

“अरे, तुझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी.”

“लोकांना म्हातारा नकोय, मामा. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा बोलावतो. तो कसाही फासेल.”

बघा, कुठं बोट ठेवलं! हलकट लेकाचा. दुसऱ्याचा हात दादांच्या तोंडावर? मामांना ते सोसवेना. त्यांनी बॅग उघडली. रंग नीट लावला. भुवया काळ्या केल्या. मग स्पंज धुवायला स्वयंपाकघरात गेले.

परत आले, तर...

चेहरा स्वच्छ. कोरडा. एकूण एक सुरकुती जागच्या जागी.

घरात तिसरं कुणी नव्हतं. चिरंजीव गॅलरीत फोनवर होते, ते आत आले आणि मामांवरच खेकसले.

“पुसलंत तुम्ही?”

“मी... नाही रे...”

“व्हा बाजूला!”

काय रे, सरकलास कशाला भिंतीकडे? बस गप.

चिरंजीवांनी मामांच्या हातातला स्पंज हिसकावला. रंगात बुडवला. बापाच्या तोंडावर घासायला लागले. भिंत रंगवावी तसं! मामांना बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

बाहेर रस्ता सुना. घरात चिटपाखरू नाही. नुसता स्पंजाचा आवाज...

मग तोही थांबला.

आणि... फाडकन!

मामा वळले. स्पंज खाली. चिरंजीव गाल धरून उभे. दादा तसेच. डोळे मिटलेले. तोंडावर रंगाचा ठिपका नाही. फक्त चादरीखालचा उजवा हात...

बाहेर होता.

स्पंजाला पुन्हा कुणी हात लावला नाही. उजाडेपर्यंत.

दादा स्वतःच्या चेहऱ्यानं गेले. हजारो लोकांनी तोच चेहरा बघून डोळे पुसले. बरं झालं, म्हणतो मी! पण त्याआधी, कॅमेरे दारात आल्यावर, चिरंजीव मामांच्या पाया पडायचे बाकी होते. “मामा, एवढं झाका हो.” गालावर पाच बोटं उठली होती, लालभडक. मामांनी रंग लावला. पुसून पुन्हा लावला. सगळ्या गालावर बसला. त्या पाच बोटांवर बसेना.

परवा एका कार्यक्रमात मी चिरंजीवांना जवळून पाहिलं.

वर्ष उलटलंय. बोटं तशीच आहेत.