करकोचे कोणी उडवले?

"माफी मागणार नाही," उजू म्हणाला. "दगड मी मारलेलाच नाही."

गावप्रमुख छोईकाकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कापणी झालेल्या भातखाचरांत उतरलेले करकोचे सकाळपासून सारखे बिथरून उडत होते. सोल शहरातून आलेल्या फोटोवाल्यांनी सरळ बोट दाखवलं, ते हिवाळी सुट्टीत बांधावर हुंदडणाऱ्या या पोरांकडे.

"तेच दगड मारतात. उडत्या पक्ष्यांचे फोटो हवेत ना त्यांना," उजूची ताई दान्बी म्हणाली आणि आईच्या कॅमेऱ्यात टिपलेला दगड मारणाऱ्याचा फोटो तिने पुढे केला.

काकांनी डोळे बारीक केले. "हा माणूस आहे की बुजगावणं? घरी जा. बांधावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

फोटो खरंच हलला होता. झूम लेन्स जड, त्यात वारा.

"संपलं," मावसभाऊ सेबिन म्हणाला.

"काय संपलं? बांध बंद केलाय. आपल्या गच्चीवरूनही खाचरं दिसतात, तिथे कोण अडवणार आहे?" दान्बी म्हणाली.

गच्चीवर किमचीच्या रांजणांआड दान्बी भिंतीला पाठ टेकून बसली. कोपरं बरगड्यांशी आवळली, डावा तळवा लेन्सखाली धरला आणि शटरचा वेग खूप वाढवला.

"ताई, फोटो काळा येतोय," उजू म्हणाला.

"आयएसओ वाढवते, म्हणजे कमी उजेडातही उजळ येईल. फोटो दाणेदार आला तर येऊ दे, हलायला नको. झूमही थोडी कमीच ठेवते. जास्त ओढलं की थरथर दिसते."

"त्या टोपीवाल्या फोटोवाल्याने हात उचलला," दुर्बिणीतून बघत सेबिन कुजबुजला.

दान्बीने अर्धा श्वास सोडला, उरलेला धरून ठेवला आणि बटण हळूच दाबलं. कट-कट-कट-कट. करकोचे ओरडत उडाले.

बरेच फोटो वाया गेले. एकात मात्र टोपीखालचा चेहरा, उगारलेला हात आणि बोटांतून सुटलेला दगडसुद्धा स्वच्छ दिसत होता.

काकांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग बूट चढवून तडक बांधावर गेले.

"पोरांचं काय ऐकता?" टोपीवाला हसला.

"ऐकत नाही. बघतोय," काकांनी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "सामान आवरा."

गाडी गेल्यावर काका उजूपुढे कमरेत वाकले. "चुकलं माझं." मग दान्बीकडे वळले. "स्टँड नसताना असा फोटो! मोठ्यांनाही जमणार नाही, पोरी. चल, आता करकोच्यांचा काढ एखादा."

दान्बीने लेन्सवर झाकण लावलं.

"आज नको, काका. सकाळपासून उपाशी आहेत ते. खाऊ दे त्यांना."