चौदा नंबरचा उतार मोकळा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल झोपावं. पांघरुणात पाय खुपसून दुसऱ्याच्या भीतीची मजा चाखणाऱ्यांची मला तशीही फार किंमत नाही.

तरी सांगते. कारण ते माझ्याच बाबतीत घडलं.

तारीख एकोणीस जानेवारी, वार गुरुवार. वेळ संध्याकाळी पावणेपाच. जागा टिरोलच्या डोंगरातलं आमचं ओबरफाल्झ गाव, स्कीचा चौदा नंबरचा उतार.

मी वालबुर्गा. गावात सगळे बुर्गल म्हणतात. गेले सव्वीस हिवाळे मी या डोंगरावर उतारांची राखण करते. म्हणजे काय, तर सपाट मुलखातून आलेल्या गाढवांना त्यांच्याच मूर्खपणापासून वाचवते.

गाढवंच म्हणते मी. चार दिवस शिकवणी घेतली की यांना सोपा निळा उतार नको, लाल हवा. लालवर दोनदा आपटले की सगळ्यात कठीण काळा हवा. पडले की बर्फच खराब. नाचता येईना, अंगण वाकडं!

आणि ते स्नोबोर्डवाले, दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरणारे... म्हशी रस्त्यात बसाव्यात तसे ऐन उताराच्या मधोमध फतकल मारून बसतात. वरून येणाऱ्याने बघून घ्यावं. त्यांच्यासाठी उड्या मारायला वेगळे उंचवटे बांधून दिलेत, तिकडे नाही जायचं. बसायचं ते आमच्याच वाटेत.

असो. आमचं शेवटचं काम असतं उतार मोकळा करण्याचं.

चार वाजता लिफ्ट बंद होते. मग आम्ही राखणदार एकेक उतार वाटून घेतो आणि सगळ्यांच्या मागून खाली निघतो. तीन ठरलेल्या जागी थांबायचं. हाक मारायची. गप्प उभं राहून ऐकायचं. कोणी मागे राहिलं नसेल तर तळाशी पोचून वायरलेसवर सांगायचं, "चौदा मोकळा."

त्यानंतरच बर्फ सारखं करणारं यंत्र निघतं. ते चालवतो माझा धाकटा भाऊ, कासियान.

चौदा नंबर फार उभा. यंत्र घसरू नये म्हणून माथ्यावरच्या खांबाला पोलादी दोर बांधतात. जाडी बोटाएवढी, लांबी किलोमीटरभर. कासियान बाहेरच्या कडेने खाली उतरतो तेव्हा दोर सैल असतो, बर्फात पडून राहतो. यंत्र वर चढायला लागलं की तो ताणतो... आणि बर्फातून उसळून उताराच्या खालच्या भागातल्या नाल्याच्या मधोमध येतो. छातीच्या उंचीवर. अंधारात दिसत नाही. माणसाचे दोन तुकडे करतो.

म्हणून "मोकळा" हा शब्द तळाशी पोचल्याशिवाय तोंडातून काढायचा नसतो.

मी तो दोन हिवाळे वरच्या वळणावरूनच काढत होते.

वळणाखाली नाला आहे. अरुंद आणि गुळगुळीत. तिथून वायरलेसवर ऐकू येतं, पण आपलं बोलणं बाहेर जात नाही. फोनही लागत नाही. मग म्हटलं, वरूनच सांगून टाकावं. पाव तास वाचतो. नाल्यात कोण मरायला थांबणार आहे? कासियानला हे माहीत होतं. आमच्या साहेबालाही माहीत होतं. सगळ्यांना आपापलं सूप गरम हवं होतं. कोणी ब्र काढला नाही.

त्या गुरुवारी धुकं होतं.

मी पहिल्या जागी हाक मारली, थांबले नाही. दुसऱ्या जागी हाकही मारली नाही. वळणावर आले. वायरलेस तोंडाशी नेला.

आणि खालून आवाज आला...

टक्. टक्. टक्.

बर्फावर काहीतरी आपटल्याचा.

खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. मनात आलं, न ऐकल्यासारखं करावं. फुटलं असेल बर्फ. दोन क्षण मी तशीच उभी राहिले. मग एक कचकचीत शिवी हासडली आणि नाल्यात उतरले.

तिथे एक बाई बसली होती. वय साठीच्या पुढचं. भाड्याचा स्नोबोर्ड पायाला बांधलेला आणि एक पाय नको त्या बाजूला वळलेला. मी तिला ओळखलं. सकाळीच लिफ्टपाशी मी हिला सुनावलं होतं, "या वयात फळीवर? घरी बसून मोजे विणायचे सोडून!" सगळी रांग हसली होती. तीसुद्धा कसनुशी हसली होती.

"आलात तुम्ही," ती म्हणाली. आमच्याकडे हजार मीटरच्या वर कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. हिला ते कोण सांगणार?

"नाव काय तुझं?"

"इर्मट्राउट बेंके. माझा शिकवणीचा गट पुढे गेला. धुक्यात मी वळण चुकले."

"मास्तर कुठे उलथला?"

"ते... ते म्हणाले होते मागून या."

केसांना तेल चोपडून फिरणारा तो मास्तर! त्याला शेळ्या राखायला ठेवला तर संध्याकाळी नुसती काठी घेऊन घरी येईल.

मी स्की काढल्या आणि तिच्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवल्या. इथे जखमी माणूस आहे, अशी आमची खूण. मग तिच्या पायाचे पट्टे सोडायला लागले. म्हटलं, हिला नीट बसवावं, वळणावर चढून मदत बोलवावी. मी अजून "मोकळा" म्हटलंच नव्हतं, त्यामुळे यंत्र निघणार नव्हतं. घाई कसली?

तेवढ्यात वरून आवाज आला...

स्कीचा. सर्र... सर्र...

मधूनमधून काठी बर्फावरून फरफटल्याचा.

मला बरं वाटलं. आमच्यापैकीच कोणीतरी असणार. मी ओरडले, "अरे, इकडे! नाल्यात! एक जखमी आहे!"

सर्र थांबलं.

धुकं जरासं विरलं. वळणावर कोणीतरी उभं होतं. लाल जाकीट, छातीवर पांढरी फुली. राखणदाराचं.

"ऐकू येतंय का? खाली ये!"

त्या माणसाने वाकून खाली बघितलं.

बाई होती ती. डावा गुडघा वाकवून उभी. डावी काठी लोंबकळती. माझा डावा गुडघा दुखतो. काठी मी तशीच फरफटते. गावातली पोरं माझी नक्कल करतात ती अशीच उभी राहून.

तिने आधी बेंकेबाईकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आणि तोंड वाकडं केलं.

ते तोंड मी ओळखते. सव्वीस वर्षं मी ते लोकांना दाखवत आलेय. ते आपल्याकडे वळलं की कसं दिसतं, ते मात्र कधी बघितलं नव्हतं. कचऱ्याकडेसुद्धा माणूस असं बघत नाही.

धुकं परत दाटलं. ती दिसेनाशी झाली.

माझ्या छातीवरच्या वायरलेसची खरखर झाली... आणि त्यातून माझाच आवाज आला. आळसावलेला.

"चौदा मोकळा."



"ऐकलं," कासियान म्हणाला. "नक्की ना गं? धुकं फार आहे."

मी बटण दाबून किंचाळले, "नाही! कासियान, नाही! मी नाल्यात आहे!"

काही उपयोग नव्हता. बोलणं जातच नव्हतं.

वायरलेसमधली बुर्गल हसली. नाकातल्या नाकात.

"नाल्यात कोण मरायला थांबणार आहे?"

"खरंय," कासियानही हसला. "निघतो मी."

वर कुठेतरी यंत्र घरघरायला लागलं.

"ते कोण बोललं?" बेंकेबाईने विचारलं. "आवाज तुमच्यासारखाच..."

"गप्प बस!"

मी वळणाकडे चढायला लागले. जड बूट, खाली निव्वळ काच. चार पावलं चढायची आणि सहा पावलं घसरायची. तिसऱ्यांदा तोंडावर पडले आणि घसरत परत तिच्यापाशी आले. ओठ फुटला होता. यंत्र आमच्या बाजूने, खडकांच्या पलीकडून खाली गेलं. त्याचे दिवे धुक्यात पिवळे दिसले. मी घसा फाटेस्तोवर बोंबलले. त्या घरघरीत कोण ऐकतंय?

आता ते तळाशी पोचणार. वळणार. चढायला लागणार.

माझ्यापुढे माझ्या स्की रोवलेल्या होत्या. पायात अडकवल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात मी नाल्याबाहेर पडले असते. एकटी.

बेंकेबाईने माझ्या स्कीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला दोराचं काही ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी थांबते. मला सवय आहे."

सवय आहे म्हणे! मला इतका संताप आला. तिचा आला, त्या मास्तराचा आला आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

"थोबाड बंद कर आणि माझ्या गळ्यात हात घाल," मी म्हटलं.

मी तिला खडकाच्या बुडाशी ओढली. पाय हलला तशी ती गुरासारखी ओरडली. मी तिला पालथी पाडली आणि तिच्यावर आडवी झाले.

"डोकं वर काढलंस तर जीव जाईल. कळलं?"

खालून आवाज बदलला. यंत्र चढायला लागलं होतं.

मग बर्फ कुजबुजायला लागलं...

फस्स्... फस्स्...

दोर बर्फ कापत आमच्याकडे सरकत होता. मग एकदम फटकारा बसला. कानावरून काहीतरी गात गेलं आणि वर कडाडकन मोडलं.

माझ्या स्की. दोन्ही बरोबर मधोमध तुटल्या होत्या.

दोर आमच्या पाठीपासून हातभर वर थरथरत होता. त्याच्यातून बारीक शीळ ऐकू येत होती. बेंकेबाई माझ्याखाली आपल्या देवाचं नाव घेत होती. मी कोणाचंच घेतलं नाही. मला वळणावर बघायची छाती होत नव्हती.

पाच-सात मिनिटं गेली असतील. दिवे आले. तुटक्या स्की दिसल्या तसं कासियानने यंत्र थांबवलं, दोर सैल सोडला आणि उडी मारून धावत आला. चेहरा पिठासारखा.

"बुर्गल? अगं तूच म्हणालीस ना मोकळा!"

"मी इथे आहे, गाढवा! केव्हाची इथेच आहे!"

"मग वळणावर कोण होतं? खाली जाताना मी बघितलं तुला. तू हात केलास मला."

 त्याने वर बघितलं.  आम्ही दोघांनी मिळून बाईला यंत्रात चढवलं.

त्या रात्री मी एकटीच वळणावर जाऊन बघून आले, असं सांगितलं तर गोष्टीला शोभेल. मी गेले नाही. मी घरी दार लावून बसले आणि आरशावर टॉवेल टाकला.

चार दिवसांनी बेंकेबाईला बघायला दवाखान्यात गेले. पाय टांगलेला, उशाशी कोणीतरी आणलेली संत्री. मला बघून तिचे डोळे भरले.

"तुमच्यामुळे वाचले," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी मोजे विण," मी म्हटलं. 

ती हसली. मग तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही पहिल्यांदा आलात, वरून मला बघितलंत आणि तशाच निघून गेलात... मला वाटलं, आता या परत येत नाहीत. मग परत का आलात?"

"पहिल्यांदा?"

"हो. टक् टक् मी त्यानंतरच सुरू केलं."

मी तिला सांगायला हवं होतं की ती मी नव्हते. तोंड उघडलंसुद्धा. पण शपथेवर सांगू शकेन, असं वाटेना. नंतर येते म्हणून उठले, ती परत गेले नाही.

आता मी तिन्ही जागी थांबते. हाक मारते, ऐकते. तळाशी पोचल्यावरच बोलते. दोनदा असं झालंय की मी नाल्यातच आहे आणि वायरलेसवर कोणीतरी माझ्याआधीच "मोकळा" म्हणून मोकळं झालंय. त्यामुळे कासियान आता माझ्या आवाजावर यंत्र काढत नाही. रोज बर्फगाडी घेऊन तळाशी येतो, मला डोळ्यांनी बघतो, मगच वर जातो. पाव तास जातो. साहेब बोंबलतो. बोंबलू दे.

परवा मी तळाशी पोचले. दमले होते, गुडघा ठणकत होता. कासियान आला, पण जवळ येईना. वीस पावलांवर गाडी थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय रे? चौदा मोकळा. जा ना!"

तो हलला नाही.

"बुर्गल," तो म्हणाला, "...तू दोघींतली कुठली?"

माझ्या अंगाची आग झाली. सख्खा भाऊ! मी अशी सणसणीत शिवी दिली की आमच्या आईने थडग्यात कूस बदलली असती.

माझी शिवी त्याने नीट ऐकून घेतली. मग गाडी वळवली आणि माझ्यावरची नजर न काढता, मान मागे वळवूनच निघून गेला.

त्या रात्री त्याने दोर बांधलाच नाही.