नाल्याजवळची छोटी बाटली

नदीच्या पाण्याचे नमुने आणणाऱ्या बोटवाल्यासमोर मी पहिल्याच भेटीत नाक मुरडलं. नेहमी पेटी उतरवून घेणारे काका रजेवर होते, म्हणून प्रयोगशाळेच्या दारात मी गेले. पेटी टेबलावर ठेवली, नाल्याजवळची बाटली उघडली... आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं. तो हसला. त्याचे डोळे ओठांच्या आधी हसतात, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं – कशाला, ते विचारू नका.

त्यानंतर पेटी रोज मीच घ्यायला लागले, आणि तेव्हापासूनच आकड्यांचा गोंधळ सुरू झाला. एकाच जागेच्या दोन बाटल्या: मोठीत आमचे सर रसायनं तपासायचे, छोटीत मी जिवाणू. मोठीत अमोनिया भरपूर, ऑक्सिजन जेमतेम, म्हणजे सांडपाणीच. जिवाणू वाढवायच्या माझ्या प्लेटवर मात्र एकही ठिपका नाही. तीन आठवडे शून्य. प्लेटी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर दोनदा तपासला, स्वतःवरच संशय घेतला. त्या शून्याच्या भरवशावर सोमवारी नदीत पोहण्यावरची बंदी उठणार होती, आणि बाबा घरी पोहायची चड्डी काढून तयार होते.

माझं डोकं चालेना. तो समोर आला की उरलंसुरलंही बंद पडायचं.

शुक्रवारी शेवटी विचारलं, "तुम्ही बाटलीचं काही करता का हो?"

"छोटीत... बोट धुवायच्या ब्लीचचे दोन थेंब टाकतो. वास मरतो."

"फक्त छोटीत?"

"मोठी तुमचे सर उघडतात ना."

मी मटकन खुर्चीत बसले. चिडावं की लाजावं, काही कळेना.

"अहो, वासाबरोबर जिवाणूही मरतात. लोक त्या पाण्यात उतरले असते. माझे बाबासुद्धा."

त्याचा चेहरा उतरला. "मग लिहा तसं. माझी चूक, असंच लिहा."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. बाबांना पाण्यात नका उतरू देऊ."

मी लिहिलं. लिहिताना रडले. बंदी राहिली, बाबा दोन दिवस फुगून बसले. सरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, पण कामावर ठेवलं. यापुढे नमुने माझ्या देखत भरायचे, एवढीच शिक्षा.

पहिल्या दिवशी बोटीत त्याने छोटी बाटली पुढे केली. "काही घातलेलं नाही. वास येईल."

"वासाचं काय, सहन होतो," मी म्हणाले. "तुम्ही दिसला नाहीत तर... ते नाही होत."

तो वल्हं विसरला. बोट आपली आपण वाहत राहिली, आणि पुढच्या जागेचा नमुना त्या दिवशी राहूनच गेला. वहीत कारणाचा रकाना अजून कोरा आहे.